झोरान माफी मागत नाही

सायलस पेनरोजने आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या होत्या. लॉर्ड ऑबरी थॉर्नकोटवर विश्वास ठेवला होता, आणि त्याच्या कवितांच्या स्वच्छ प्रती काढल्या होत्या. दुसरं काम जास्त अवघड होतं, कारण ऑबरी दुःखात असला की स्वल्पविराम टाकत नसे, आणि दुःखात तो रोज साडेचारपासून जेवणाच्या घंटेपर्यंत असे.

सगळं लंडन ऑबरीच्या नावाने बोटं मोडत होतं आणि त्याच बोटांनी त्याची पुस्तकं उघडत होतं. तीन नवऱ्यांनी त्याला घरी यायची बंदी केली होती. त्यातल्या दोघांच्या बायका मग स्वतःच त्याच्याकडे येऊ लागल्या. त्याचा नायक झोरान हा डोंगरातला बंडखोर सरदार. फिकट चेहरा, काळा झगा आणि मनात कुठलंसं जुनं पाप. पाप कुठलं, ते बारा सर्गांत कुठेच सांगितलेलं नव्हतं. सायलसने एकदा विचारलं, तेव्हा ऑबरी म्हणाला होता की ते अजून ठरायचंय. झोरान राजाला जुमानत नसे, देवाला जुमानत नसे आणि कुणाचीही माफी मागत नसे. या शेवटच्या गोष्टीवर बायका बेशुद्ध पडत.

मे महिन्यात एका वर्तमानपत्रात कर्नल हॅरॉपवर आठ ओळी छापून आल्या. बिननावाच्या. कर्नलसाहेबांची आणि शत्रूची स्पेनमध्ये एकदाच गाठ पडली, तीही साहेब पाठमोरे असताना, असा त्यांचा मथितार्थ. कर्नलच्या बायकोला त्या ओळी छापून यायच्या तीन दिवस आधीपासून पाठ होत्या. त्यावरून कर्नलने काय ते ओळखलं आणि ऑबरीला द्वंद्वाचं आव्हान धाडलं.

ऑबरीने सायलसला आपला पाठीराखा नेमलं. पाठीराख्याची कामं ठरलेली असतात. पिस्तुलं भरायची, पावलं मोजायची, आणि त्याआधी समोरच्या पाठीराख्याकडे खेटे घालून समेट होतोय का ते बघायचं. सायलससाठी मात्र यात एक गोम होती. लिंकनशायरमधल्या एका खेड्याचं पाद्रीपद त्याच्यासाठी राखून ठेवलेलं होतं. त्याबरोबर घर होतं, बाग होती, नासपतीची सहा झाडं होती, आणि त्या घरात यायला तयार असलेली मार्था होती. बिशपची अट एकच होती, नावाला डाग नको. द्वंद्वाच्या मैदानात दिसलेल्या माणसाला प्रार्थना सांगायला कुणी उभं करत नाही.

मंगळवारी सकाळी सायलसने बिशपला नकाराचं पत्र टाकलं. मार्थालाही लिहिलं. तिचं उत्तर शनिवारी आलं, एका ओळीचं. तुझा मित्र तुझ्यासाठी एवढं करेल का? सायलसला त्या प्रश्नाचाच राग आला. करणारच. झोरानने सातव्या सर्गात मित्रासाठी अख्खा किल्ला सोडला होता.

कर्नलचा पाठीराखा कॅप्टन डॉसेट हा चौकोनी चेहऱ्याचा, अतिशय सभ्य माणूस होता. बुधवारपासून सायलसने त्याच्याकडे सहा खेपा घातल्या. दर खेपेला छाती काढून सांगितलं की तो वाकणाऱ्यांतला नाही, तो माफी मागणार नाही, मरेल पण मागणार नाही. डॉसेट त्याच्याकडे जरा काळजीने बघे आणि चहा घेणार का विचारे.

सोमवारी पहाटे सगळे विम्बल्डनच्या माळावर जमले. डॉक्टर क्विल आल्या आल्या सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. उद्या कोर्टात विचारलं तर आपण काही पाहिलं नाही हे शपथेवर सांगता यावं, म्हणून अशा वेळी डॉक्टर पाठ करतात. समोर एक गाय चरत होती, तिच्याकडे ते बघत राहिले. ऑबरी काळा झगा घालून आला होता आणि वाऱ्याची दिशा बघून उभा होता.

सायलसने बारा पावलं मोजली. होतील तेवढी लांब टाकली. तोवर डॉसेट जवळ आला.

"पेनरोजसाहेब, आता जागेवर उभे राहा."

"लॉर्ड थॉर्नकोट राहतील ना."

"त्यांचं काय काम?" डॉसेट म्हणाला, आणि मग त्याचा चौकोनी चेहरा हळूहळू लांबट झाला. "म्हणजे तुम्हाला... अहो, मला वाटत होतं तुम्ही स्वतःबद्दलच बोलताय. तो वाकणार नाही, तो माफी मागणार नाही. म्हटलं, कवी लोक बोलत असतील असं."

त्याने खिशातून पत्र काढून दिलं. अक्षर ऑबरीचं होतं. स्वल्पविराम एकही नव्हता. कर्नलची त्यात चार वेळा माफी मागितली होती. त्या हलकट ओळी माझे स्नेही सायलस पेनरोज यांच्या आहेत, सोमवारी ते मैदानावर येतीलच, हिशेब त्यांच्याशी करावा, असं खाली लिहिलं होतं. तारीख मंगळवारची होती.

सायलसने ते दोनदा वाचलं. सवयीने मनातल्या मनात विरामचिन्हं घातली.

ऑबरीने त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं. आवाज साडेचारचा होता.

"चिडू नकोस. नुसतं म्हण, ओळी माझ्या, चूक झाली. सुटला विषय."

"मग तूच म्हण की."

"मला कसं म्हणता येईल? गुरुवारी दुसरी आवृत्ती निघतेय. झोरानच्या कवीने मैदानात माफी मागितली, हे उद्या गावभर होईल. लोक काय म्हणतील?"

"मागितलीस की पत्रात. चारदा."

"ते खासगी आहे रे. आणि तुझं काय बिघडतंय? तुला कोण ओळखतं, सायलस?"

यात खोटं काही नव्हतं. लिंकनशायरमधलं एक खेडं ओळखणार होतं, ते सायलसने मंगळवारीच टपालात टाकलं होतं.

कर्नल हॅरॉप तोवर समोर येऊन ठेपले. बुटके, लालबुंद, सर्दी झालेले. त्यांनी सरळ विचारलं की ओळी तुमच्या का. सायलसच्या खोलीत त्या आठ ओळींचा कच्चा खर्डा होता, ऑबरीच्या हातचा. नाही म्हटलं असतं तर जागेवर ऑबरीला उभं राहावं लागलं असतं. हो म्हणून चूक कबूल केली असती तर सगळे न्याहारीला गेले असते. पण सहा खेपा घालून त्याने ज्या माणसाची ग्वाही दिली होती, तो माणूस या माळावर कुणीतरी असायला हवा होता.

"ओळी कुणाच्या का असेनात," सायलस म्हणाला. "मी माफी मागणार नाही."

आता पाठीराखा ऑबरी झाला. नियमाप्रमाणे समेटाचा शेवटचा प्रयत्न त्याने करायचा. तो कर्नलपर्यंत गेला, झगा सावरला, आणि आमचे हे वाकणाऱ्यांतले नाहीत असं इतक्या बारीक आवाजात म्हणाला की डॉसेटला ते पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. पिस्तूल भरता येत नव्हतं, तेही डॉसेटनेच भरलं.

सायलस उभा राहिला. इशाऱ्याचा रुमाल पडला. कर्नलची गोळी त्याच्या डाव्या कानाची पाळी घेऊन गेली. सायलसने बार आकाशात काढला, तिथे त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

"ओळी भिकार आहेत," कर्नल नाक पुसत म्हणाले. "उभे मात्र छान राहिलात." मग त्यांनी सायलसशी हात मिळवला आणि ऑबरीकडे न बघता निघून गेले.

"झालं का?" डॉक्टरांनी गाईकडे बघत विचारलं. "वळू का?"

ते कानाला पट्टी बांधत असताना ऑबरी आला. डोळे ओले होते. त्याने सायलसला मिठी मारली, बेताने, झग्याला रक्त लागणार नाही अशी. तू खरा मित्र, म्हणाला. मग खिशातून वही काढली.

"एक सांग. नळी समोर आली तेव्हा नेमकं काय वाटलं? तेराव्या सर्गात झोरानला असंच उभं करायचंय. विसरायच्या आत सांग."

सायलसने त्याच्याकडे पाहिलं. बारा वर्षं त्याला अरेतुरे केलं होतं.

"आपल्याला काय वाटलं असतं, लॉर्डसाहेब?"

"वा," ऑबरी म्हणाला, आणि ते लिहून घेतलं.

माळावर गाडी एकच राहिली होती, ऑबरीची. सायलसने टोपी उचलली, ती कानावर बसेना म्हणून हातात धरली, आणि पायीच लंडनच्या रस्त्याला लागला. मागून ऑबरीची हाक आली. बुधवारपर्यंत स्वच्छ प्रत हवी होती.