हातोडीखाली काशाची वाटी

मी काशाची वाटी बोलतेय. आवाज जरा चिरका लागेल, तेवढं सांभाळून घ्या. पूर्वी असा नव्हता.

तांबं आणि थोडं कथिल वितळवून मला घडवलं. लालभडक असतानाच कारागीर मला ठोकायचे. जरा निवले की हात आवरायचे आणि पुन्हा भट्टीत घालायचे. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

भवानी पेठेत मी फुलाबाईंकडे आले. त्या टॉवेलच्या मागावर दिवसभर उभ्या असतात. संध्याकाळी तळव्यांची नुसती आग होते. मग त्यांची लेक ऋतुजा तळव्यांना तूप लावायची आणि माझ्या बुडाने घासायची. तळवे काळे पडायचे, फुलाबाईंचे डोळे मिटायचे. "बास गं," म्हणायच्या, पण पाय काही काढून घ्यायच्या नाहीत. माणसांचं हे मला फार आवडायचं.

परवा ऋतुजाच्या शाळेत विज्ञानाच्या पूनम मॅडमनी वर्गात धातूच्या वस्तू आणायला सांगितल्या. ऋतुजाने आईला न विचारताच मला दप्तरात घातलं.

टेबलावर तांब्याची तार, अ‍ॅल्युमिनिअमचं झाकण, खिळे आणि मी. मॅडम नव्या, वर्गाला जरा बिचकणाऱ्या. "जमिनीत अ‍ॅल्युमिनिअम भरपूर, त्याखालोखाल लोखंड. तांबं फार कमी, कथिल तर त्याहून कमी," त्या सांगत होत्या. ती दोन्ही माझ्यात आहेत, म्हणून मला उगाच ऐट आली. त्यांनी टिचकी मारली, तशी मी वर्गभर घुमले.

"मॅडम, परत वाजवू नका. सुट्टी झाली म्हणून पोरं पळतील की," अल्तमश म्हणाला. मॅडमही हसल्या.

"बरं, धातू ठोकला तर काय होतं?"

"पसरतो. फुटत न्हाय," ऋतुजा म्हणाली.

"शाब्बास."

मॅडमनी हातोडी घेतली. तार चपटी झाली. झाकण पसरलं. मग मॅडमनी मला उचललं. "आता ही पितळेची वाटी."

ऋतुजा उठली. "मॅडम, आईची हाय ती."

"अगं, आत्ता तूच म्हणालीस ना, फुटत नाही? एकच हलका ठोका."

ऋतुजा खाली बसली. मला सांगायचं होतं, मी पितळ नाही, कासं आहे, आणि थंड कासं ठोकलं की तडकतं. पण कुणी वाजवल्याशिवाय वाटीला आवाज कुठला?

ठोका पडला. काठापासून बुडापर्यंत तडा गेला. मॅडमच्या हातून हातोडीच सुटली. "अगं बाई... पुस्तकात तर..."

संध्याकाळी फुलाबाई उंबऱ्यातच टेकल्या. "वाटी आण गं. पाय लई पेटल्यात."

ऋतुजाने मला त्यांच्यापुढे ठेवलं आणि रडत रडत सगळं सांगितलं. फुलाबाईंनी तड्यावरून बोट फिरवलं. रागावल्या नाहीत. "टोचंल की आता," एवढंच म्हणाल्या.

ऋतुजा नुसत्या हातानेच तूप घासू लागली.

"बास गं," फुलाबाई म्हणाल्या, आणि पाय काढून घेतले.

मी आता फळीवर उपडी पडून असते. मुलांनो, धातू शिका, ठोकूनही बघा. फक्त आधी विचारा, तो कोणता आहे आणि कुणाच्या घरचा आहे. आज पुन्हा संध्याकाळ झालीय. फुलाबाई येतीलच इतक्यात.