भिंतीकडे तोंड केलेला न

शुक्रवारी दुपारी आई पुढच्या खोलीत जमिनीवर बसून काचकागद कापत होती. सुतार लाकूड घासायला वापरतात तो खरखरीत कागद. त्यातून एकेक अक्षर कापायचं, बाबांनी रंधून दिलेल्या फळीवर चिकटवायचं, आणि मुलांनी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचं, ही याच खोलीत भरणाऱ्या तिच्या बालवर्गाची पद्धत. बोटाला अक्षर ओळखीचं झाल्याशिवाय ती त्याचं नाव सांगत नसे. "तोंडाला फार घाई असते," ती म्हणायची. "बोट सावकाश शिकतं, पण विसरत नाही."

त्या दिवशी मुलांच्या बोटांनी झिजलेला भ ती नव्यानं कापत होती. मी शेजारी मुद्रितं तपासत बसले होते. तेच माझं काम, पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या.

"कात्री बोथट झालीये गं," आई म्हणाली.

"मग नवी घे ना."

"नव्या कात्रीला माझा हात कळायला वर्ष जाईल."

मग ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली, भाजी निवडायला आत गेली. मी मान वर केली नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

आमच्या घरात अशा गोष्टींवर बोलत नाहीत. औषध घेतलंत का, नळ गळतोय, दार लोटून घे, एवढंच आम्ही बोलतो. बाबांनी पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं, आणि थोड्या दिवसांनी म्हणाले, "वर्ग बंद करू. मुलं लहान आहेत, विसरतील."

"एक आठवडा मी घेऊन बघते. नाही जमलं तर बंद."

"तुला मुलांतलं काय कळतं?"

"अक्षरांतलं कळतं."

"बघ बुवा," ते म्हणाले.

ग, म, भ झाले होते. आता न. खरखरीत बाजूवर पेन्सिल उमटेना, म्हणून मी कागदाच्या गुळगुळीत पाठीवर छानसा न काढला, कापला, फळीवर चिकटवला, आणि नीट न बघताच वर वजनाला जाडजूड शब्दकोश ठेवला. सोमवारी फळी फडक्यात गुंडाळून तशीच वर्गात नेली.

"बाई गावाहून कधी येणार?" आल्या आल्या एकीनं विचारलं. सतत बडबडते म्हणून आईनं तिचं नाव पोपट ठेवलं होतं. पालकांनी मुलांना काय सांगितलंय ते मला तेव्हा कळलं.

"बाई गावाला गेल्या नाहीत. त्या वारल्या. आता येणार नाहीत. मी त्यांची मुलगी."

पोपटनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. "मुलगी एवढी मोठी नसते."

मग तिनं डोळे मिटले आणि फडक्याखाली हात घातला. बोट थोडं फिरलं, अडलं, परत फिरलं.

"ताई, हा भिंतीकडे तोंड करून उभाय."

"काहीतरीच काय?"

दुसऱ्यानं हात घातला. "खरंच. रुसलाय तो."

"रुसला नाही, शिक्षा झालीये त्याला," तिसऱ्यानं सांगितलं.

मी फडकं काढलं. न साफ उलटा होता, आरशात दिसतो तसा. दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेणारी मी, आणि मला एक अक्षर सरळ लावता आलं नव्हतं. एव्हाना सगळा वर्ग न ला सोबत म्हणून भिंतीला नाक लावून उभा राहिला होता आणि खिदळत होता. मला मात्र बाबा म्हणाले तेच खरं, असं वाटलं.

तेवढ्यात दार उघडलं. बाबा आत आले. आई गेल्यापासून ते या खोलीत पाऊल टाकत नव्हते.

"कसला दंगा आहे?" म्हणत त्यांनी फळी उचलली, आणि त्यांच्या मिशा हलल्या. "पाठीवर सरळ काढलंस ना? पाठीवर काढायचं तर उलटं काढावं लागतं, म्हणजे पुढून सुलटं येतं."

"आईला हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पहिली सगळी अक्षरं तिनं अशीच वाया घालवली. दोन दिवस माझ्याशी अबोला. जशी काही मीच कापली होती."

मी हसले. मुलं हसत होतीच. बाबा जमिनीवर बसले, नवा कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला, आणि मी कापून होईपर्यंत बारा-पंधरा डोकी माझ्या हातावर वाकली होती. नवा न प्रत्येकाच्या बोटाखालून गेला. मग मी नाव सांगितलं आणि मुलं न च्या वस्तू हुडकायला घरभर सुटली. कुणाला नळ सापडला, कुणाला नख. पोपट कुठेच गेली नाही. तिनं डोळे मिटून बाबांच्या नाकावरून बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "हे सरळ आहे."

दुपारी तिची आई न्यायला आली. ती परिचारिका, ड्यूटीच्या कपड्यांतच होती. "ताई, वर्ग आठवडाभरच आहे का? दुसरीकडे घालायचं तर मला आजच विचारावं लागेल."

मी बाबांकडे पाहिलं. ते कागदाचे कपटे गोळा करत होते.

"मला काय विचारता?" ते खाली मान घालूनच म्हणाले. "बाई ती आहे."

"चालू राहील," मी म्हणाले. "मुद्रितं दुपारनंतर तपासता येतात."

मायलेकी गेल्या. बाबा कपटे मुठीत धरून उभे राहिले.

"आईसाठी म्हणून करणार असशील तर नको करूस. ती असती तर ओरडली असती तुला."

"तिच्यासाठी नाही."

"मग?"

दुःखावर लिहिलेली पानंच्या पानं मी वाचली आहेत, त्यातल्या चुका सुधारल्या आहेत. त्यातलं एकही वाक्य मदतीला आलं नाही.

"मला तिची आठवण येते, बाबा," मी म्हणाले. "सारखी येते. फार येते."