कोऱ्या भिंतीवरची अक्षरं

कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर सकाळपासून तिसऱ्यांदा तोंडावर पाणी मारून आला. आज क्रेन चालवणाऱ्यांची डोळेतपासणी होती, आणि यादीत पहिलं नाव त्याच्या सख्ख्या मामाचं होतं.

वडील गेल्यावर याच मामाने त्याला वाढवलं, शिकवलं, इथे चिकटवलं. जेवताना मामा हटकून एक गोष्ट सांगे: समोर आजोबा आणि गुरू उभे पाहून धनुष्य खाली ठेवणाऱ्या योद्ध्याची. बरोबरच केलं त्याने, असं भाचा म्हणे. मामा हसून म्हणे, मोठा झालास की कळेल. मोठा होऊनही कळलं नव्हतं, ते वेगळं.

गेल्या आठवड्यात मामा उतरवत असलेला लोखंडी तुळयांचा गठ्ठा एका फिटरच्या खांद्याला चाटून गेला. वाऱ्याने हलला, असं मामा म्हणाला. बंद शेडमध्ये कसला आलाय वारा! डोळे तपासायचा तक्ता अकरा वर्षं तोच होता आणि मामाला तो तोंडपाठ असणार, हे भाच्याला पक्कं ठाऊक होतं. नवा तक्ता कपाटात पडून होता. तो लावावा तर मामाची उरलेली दोन वर्षांची नोकरी जाणार, न लावावा तर उद्या कुणाचा तरी जीव. शिवाय आपण हे कर्तव्य म्हणून करतोय की लोक नावं ठेवतील या भीतीने, हेही त्याला धड सांगता येईना. शेवटी त्याने जुना तक्तासुद्धा काढून कपाटात कोंबला. तक्ताच नाही म्हटल्यावर तपासणी पुढे जाईल. आजचं मरण उद्यावर.

तेवढ्यात मामा आला. भाच्याने तोंड उघडायच्या आत तो जमिनीवरच्या रेघेवर उभा राहिला, एक डोळा झाकला आणि कोऱ्या भिंतीकडे बघत सगळ्या ओळी घडाघडा म्हणून मोकळा झाला.

"किती चुकली?"

"एकही नाही, मामा." भाच्याला रडू आवरेना. "पण भिंतीवर तक्ताच नाहीये."

मामा भिंतीपर्यंत गेला, हाताने चाचपून परत आला आणि खुर्चीत बसला.

"म्हणजे तू धनुष्य खाली ठेवलंस," मामा म्हणाला. "उचल ते. माझ्या हुकाखाली माणसं असतात रे. मला कळत होतं, पण स्वतःहून सांगायचा धीर होईना."

शेरा लिहायला पेन द्यावं म्हणून त्याने टेबलावर हात टाकला. तो पेनापासून चार बोटं लांब पडला. भाच्याने पेन हळूच त्या हाताखाली सरकवलं, आणि मामाने ते उचलून त्याला दिलं.