फुकटच्या खेळाचे पैसे कोण भरतं?

कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरातल्या एका छोट्या गेम कंपनीत मार्ला बुड्रो अलीकडे कायम वैतागलेली असे. त्यांचा मासेमारीचा ऑनलाइन खेळ पूर्वी महिन्याच्या वर्गणीवर चाले. तो फुकट झाल्यावर खेळणारे लाखोंनी वाढले. पण मोठा मासा गळाला लागला, की ऐन वेळी दोरी तुटायची आणि पडद्यावर यायचं, ‘नवी दोरी, फक्त दोन डॉलर!’ ही युक्ती मार्लाचीच.

“आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला फोन कर,” मालक क्लाइव्ह खुशीत मार्लाला म्हणाला. “नाताळची भेट पाठवू.”

फोन दूरच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या मिसेस वॉरुकनी उचलला. भेटीचं ऐकताच त्या उसळल्या, “भेट घाला चुलीत! माझं खातं बंद करा म्हणून किती वेळा लिहिलं? दर वेळी उत्तरादाखल फुकट दोऱ्या पाठवता! नवरा गेला, म्हणून विरंगुळ्याला खेळायला लागले हो. आता या दोऱ्यांपायी त्याची गाडीसुद्धा विकली.”

 मार्लाने तिथल्या तिथे खातं बंद केलं.

“वेड लागलंय का तुला?” क्लाइव्ह कडाडला. “वर्गणीवर पगार निघत नव्हते, विसरलीस? आणि ज्यांना वर्गणी परवडत नाही, त्यांनी खेळायचंच नाही?”

“त्या सगळ्यांचं बिल ही विधवा भरत होती,” जुना प्रोग्रॅमर ऑर्विल म्हणाला. “तिला विचारलं होतंस? अरे, वर्गणी घेत होतो तेव्हा खेळात मजा यावी म्हणून राबायचो. आता माणूस अडावा म्हणून राबतो!”

“आणि अडवणारी मी!” मार्ला ओरडली. “मीच तोडत होते ती दोरी! यापुढे नाही तोडणार. हवं तर काढून टाक मला!”

क्लाइव्हने धुसफुसत पगाराचा हिशोब पुढे ओढला. शेवटी म्हणाला, “तुला काढून हा खेळ कोण चालवणार? वसंतापर्यंत पुन्हा वर्गणी लावून बघू. पण पगार कापावे लागतील.”

पगार कापले गेले. निम्म्याहून जास्त खेळाडू शिव्या घालत निघून गेले. मार्लाची चिडचिड काही संपली नाही. पण कामावर येताना मान खाली जाईना.

मित्रहो, कष्टाचं मोल उघड मागावं आणि उघड द्यावं. फुकटच्या ताटात बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडचा घास असतो!