मावशीच्या दुकानातला कंदील

शिंप्याचं दुकान रविवारी बंद असायचं, म्हणून कापड बेतायचं त्याचं लांबरुंद टेबल दुपारभर या चौघांच्या ताब्यात यायचं. खडूच्या रेघा पुसायच्या, कात्र्या फळीवर ठेवायच्या आणि तिथंच डोंगर, किल्ले, भुयारं मांडायची. तिघं खेळणार, प्रत्येकाचं एकेक सोंग. शिंपी योद्धा, पोपट मांत्रिक आणि ती वाटाडी. चौथा तिचा नवरा. तो खेळ चालवायचा. राक्षस तोच, राजा तोच, पाऊस पाडायचा तोही त्यानेच. बाकीच्यांनी आपण काय करतोय ते सांगायचं, फासे टाकायचे, आणि पुढे काय झालं ते याच्या तोंडून ऐकायचं. पोपट म्हणजे तिचा धाकटा भाऊ. अँब्युलन्स चालवायचा, आणि दिवसभर सायरन ऐकून की काय कोण जाणे, गप्प बसणं त्याला जमायचं नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, ती दातांच्या कवळ्या बनवायची. गेले काही महिने ती थोरल्या बहिणीकडे राहत होती. भांडण झालं म्हणावं, तर तेही नाही. भांडायला समोरच्याने तोंड उघडावं लागतं, आणि हा गडी घरी आला की 'हं' आणि 'बघू' यापलीकडे जायचा नाही. एका संध्याकाळी तिने बॅग भरली आणि म्हणाली, "मी ताईकडे राहायला जाते." हा म्हणाला, "बरं." आता बोला! बायको घर सोडून निघालीय आणि हा बरं म्हणतोय. का, कशासाठी, कधी येशील, एक शब्द नाही. तिच्यामागे दार लावलं, गॅस बंद आहे का ते बघितलं आणि झोपला. त्याला वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायला हवं एवढं कळत होतं, पण बसून बसून पाय बधिर व्हावा तसा तो आतून बधिर झाला होता.

तरी रविवारी ती यायची. समोर बसायची, फासे टाकायची, पोपटाच्या टवाळीवर हसायची. ती येतेय तोवर काही मोडलेलं नाही, असा त्याने हिशेब लावून ठेवला होता. त्याच्याकडे दुसरं काही उरलंही नव्हतं.

त्या रविवारी बसल्याबसल्या ती म्हणाली, "मला आज दुकानात जायचंय. सगळं घेऊन."

शिंप्याने हातातली सुई सुयांच्या गादीत खोचली. पोपट बहिणीकडे बघत राहिला. या टेबलाची एक रीत होती. कोणी खेळ सोडणार असेल तर त्याच्या सोंगाला मारायचं नाही. त्याने मावशीच्या दुकानात जायचं, जवळच्या जादूच्या वस्तू विकायच्या आणि आलेल्या मोहरांत कुठंतरी सुखाने राहायची सोय करायची. पूर्वी यांच्यात एक कंपाउंडर होता. त्याची बदली झाली तेव्हा त्याच्या चोराने सगळं विकून खानावळ टाकली होती. तेव्हा 'सगळं घेऊन' म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"बरं," नवरा म्हणाला.

मावशी म्हणजे दुकानदारीण, एक पाठीत वाकलेली, घोगऱ्या आवाजाची म्हातारी. अर्थात तीही हाच. मावशीचे नियम पक्के. वस्तू निम्म्या भावात घेणार, पूर्ण भावाने विकणार, आणि प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारणार, का विकतेस? खरं उत्तर मिळाल्याशिवाय सौदा नाही. कंपाउंडरच्या वेळी या प्रश्नावर हसून हसून पोटं दुखली होती.

तिने वस्तूंची बटणं टेबलावर मांडली. शिंप्याकडे बटणांना तोटा नव्हता, त्यामुळे या खेळात प्रत्येक वस्तूला एक बटण असायचं.

"ये गं पोरी," नवरा मावशीच्या आवाजात म्हणाला. "हे जोडे का विकतेस?"

"पाय न वाजवता चालायचा कंटाळा आला, मावशी."

"आणि आपोआप चढणारा दोर?"

"आता चढायचं नाहीये कुठं."

भाव ठरत गेले, ती मान डोलवत गेली. पोपटाने एकदाच तोंड घातलं, "मावशी, माझ्या बहिणीला लुबाडू नका हं." कोणी हसलं नाही. शेवटी पितळेचं एक मोठं बटण उरलं.

तो कंदील होता. त्यांच्या लग्नाच्या वर्षी नवऱ्याने तो स्वतः रचून तिच्या वाटाडीला दिला होता. जोडीतला एक. दुसरा दूरच्या एका किल्ल्यावर पहारेकऱ्यापाशी, आणि तो पहारेकरी म्हणजे याचंच जुनं सोंग, हा खेळ चालवायला लागायच्या आधीचं. कंदिलाची गंमत अशी, की वाटाडीच्या हाताने तो पेटायचा नाही. तिकडे पहारेकऱ्याने आपला पेटवला की इकडे हा पेटणार, आणि मग दोघांना एकमेकांशी बोलता येणार. मुक्काम पडला की ती न चुकता विचारायची, "मी कंदील बघते. पेटलाय?" हा म्हणायचा, "नाही," आणि पुढे जायचा. पुढे भुयार असायचं, राक्षस असायचे, केवढी तयारी केलेली असायची. विसरला म्हणावं, तर तीच दर वेळी आठवण करून देत होती की. सवयीने विचारते, असं त्याला वाटायचं.

"हा का विकतेस?" मावशीने विचारलं.

"पेटत नाही."

"जिन्नस चांगला आहे, पोरी."

"असेल."

"तो पहारेकरी कामात असेल."

"असेल ना. मी विचारत राहिले, मावशी. इतकी वर्षं विचारत राहिले. आता तो नुसताच ओझ्याला होतो."

बायकोला काही महिन्यांपूर्वी विचारायचा 'का' हा प्रश्न आपण आज विचारला, आणि तोही म्हातारीच्या आवाजात, हे त्याच्या ध्यानात आलं. आत कुठंतरी मुंग्या आल्यासारखं झालं. त्याने मावशीचा आवाज सोडला.

"पेटलाय," तो म्हणाला.

"काय?"

"कंदील. आत्ता पेटलाय."

तिने बटणाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. चिडली नाही, रडली नाही. बटणावर बोट ठेवून तिने ते हळूच त्याच्याकडे सरकवलं.

"मग मावशी, भाव वाढेल," ती म्हणाली. "पेटता कंदील निम्म्यात देणार नाही मी."

मावशीने पूर्ण भाव दिला. त्या मोहरांत वाटाडीने नदीकाठी एकटीपुरतं घर घेतलं, पुढे छोटंसं अंगण. तिने आपले फासे भावाच्या हातात दिले, चपला घातल्या, शिंप्याला म्हणाली, "चहाचे कप विसळायचे राहिलेत हं, जमलं तर बघा," आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडली. नवऱ्याला वाटलं, उठावं. पाय उठले नाहीत.

पोपट ते फासे हातात खुळखुळवत बसला.

"भावजी," तो शेवटी म्हणाला, "कंदील मावशीकडे आहे ना आता? पेटलेला? मग तिकडून पहारेकरी काय म्हणतोय?"

नवऱ्याने तोंड उघडलं. पहारेकरी बोलेल तर ऐकायला इकडे मावशी होती, आणि मावशीही तोच होता.

"काही नाही," तो म्हणाला. "पुढची पाळी कोणाची?"