मी, एकनळी बंदूक, आणि आर्डिथची हिरवी टोपी

आर्डिथ गेली हे मला लोखंडी कपाटात कळले.

दर रविवारी सकाळी कपाटाचे कुलूप उघडायचे आणि तिचा हात थेट माझ्याकडे यायचा. त्या दिवशी रविवार नव्हता. कपाट तिच्या नवऱ्याने, व्हर्लिनने उघडले. त्याच्या अंगात अंत्यविधीला घालतात तसा काळा कोट होता. त्याने मला बाहेर काढले नाही. आर्डिथची हिरवी टोपी त्याने माझ्या नळीच्या टोकावर ठेवली आणि दार लावून घेतले. टोपीला तिच्या केसांचा वास होता. पुढचा रविवार आला आणि कुलूप उघडले नाही, तेव्हा मला सगळे समजले.

मित्रांनो, मी एक जुनी एकनळी बंदूक आहे. घाबरू नका. माझ्या पोटात काडतूस नाही, आणि आजवर मी कुठल्या जिवंत पाखरावरही झाडली गेलेली नाही. माझा जन्म मातीच्या थाळ्या फोडण्यासाठी झाला. थाळी म्हणजे लहान बशीएवढी नारिंगी चकती. मैदानात अर्धवट पुरलेली एक खोली असते, तिच्यात यंत्र असते. मागे ओळीने पाच नेमबाज उभे राहतात. ज्याची पाळी असेल तो ओरडतो, "सोड!" की थाळी उडते. ती डावीकडे जाईल की उजवीकडे, हे कुणालाच आधी ठाऊक नसते. एका थाळीला एकच काडतूस. चुकलात तर दुसरी संधी नाही. म्हणून मला नळीही एकच आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या एका तळ्याकाठच्या कारखान्यात मी घडले. खांद्याला टेकवायचा माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. नळी लांब, आणि तिच्या टोकाला नेम धरायची हस्तिदंती माशी. कोरीवकाम करणाऱ्या माणसाने माझ्या अंगावर वास घेत उभा असलेला एक कुत्रा कोरला. त्याच्या स्वतःच्या कुत्र्याचा एक कान दुमडलेला होता, म्हणून माझ्यावरच्या कुत्र्याचाही कान दुमडलेला आहे. माझ्या जातीच्या फार थोड्या बंदुका झाल्या. मग मंदी आली, कारखान्याला टाळे लागले, आणि आम्ही जेवढ्या होतो तेवढ्याच राहिलो.

माझा पहिला मालक ओहायोतला धान्याचा व्यापारी होता. त्याने माझ्या जोरावर चांदीचे पेले जिंकले. लोक मला हातात घेण्याआधी हात पुसत असत. मीही तोऱ्यात होते. तो गेल्यावर मी त्याच्या मुलाकडे आले. मुलगा बुटका होता. त्याला माझा दस्ता लांब पडायचा. त्याने मला सुताराच्या शेगड्यात घट्ट आवळले, आणि करवतीने दस्त्याचे टोक कापून टाकले. त्यानेही दोन वर्षांत खेळ सोडला. पुढे कितीतरी वर्षे मी त्यांच्या मक्याच्या कोठारात उभी होते. उंदरांनी माझी चामड्याची पिशवी खाल्ली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून लोक मला दाराला टेकवून ठेवत. मित्रांनो, चांदीचे पेले जिंकणारी मी, दाराला अडसर झाले.

एके दिवशी त्या शेताचा लिलाव झाला. सगळी गर्दी ट्रॅक्टरभोवती होती. एक उंच, लांब हातांचा माणूस मात्र कुदळी आणि दाताळ्यांच्या ढिगापाशी थांबला. त्याने अंगठ्याने माझ्यावरचा गंज घासला. खालून दुमडलेला कान निघाला. तो माणूस इतका पांढराफटक पडला की शेजारच्याने त्याला पाणी हवे का म्हणून विचारले. तो व्हर्लिन. जुन्या एकनळी बंदुका जमवण्याचा त्याला नाद होता, आणि माझ्या जातीची एक शोधण्यात त्याचे अर्धे आयुष्य गेले होते.

घरी आणून त्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले आणि डोक्याला हात लावून बसला.

"दस्ता कापलाय गं. सगळी शान गेली. आता हिला तशीच कपाटात ठेवायची, दुसरं काय."

आर्डिथ भांडी घासत होती. तिने हात पुसले, मला उचलले आणि खांद्याला लावले. दस्ता तिच्या खांद्यात असा बसला, जणू करवत चालवणाऱ्याने तिचेच माप घेतले होते.

"कपाटात?" ती म्हणाली. "बंदूक आहे ती व्हर्लिन, लग्नात आलेला चिनी मातीचा सेट नाही."

"अगं, फार थोड्या उरल्यात अशा!"

"मीही एकच उरलेय. मला ठेवतोस का कपाटात?"

झाले. मी आर्डिथची झाले.

ते माझे सोन्याचे दिवस होते. गावाबाहेर सोयाबीनच्या शेतांमध्ये एक लहानसा नेमबाजीचा क्लब आहे. तिथे हिवाळ्यात भाजलेल्या डुकराच्या तंगडीसाठी स्पर्धा होतात. आर्डिथने इतक्या तंगड्या जिंकल्या की व्हर्लिन हात जोडायचा, "बाई, या रविवारी हरून ये. मला एकदा तरी मासा खाऊ दे." व्हर्लिनसुद्धा नेमबाज होता, पण नुसता बरा. शंभरात पाच-सहा थाळ्या त्याच्या हातून हमखास सुटायच्या.

आता त्या क्लबची एक रीत सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच घडले. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही शंभरपैकी शंभर थाळ्या फोडल्यात, की तुमच्या डोक्यावरची टोपी काढून हवेत उडवतात, आणि तुमच्या ओळीतले चौघे तिच्यावर छर्रे झाडतात. टोपीची चाळण होते. ती चाळण क्लबच्या तुळईला टांगतात, खाली पितळी पट्टीवर नाव कोरतात. तिथे याहून मोठा मान नाही. एकजण नव्या कोऱ्या महागड्या टोपीत शंभर फोडून बसला आणि दिवसभर हळहळला. पण रीत म्हणजे रीत. डोक्यावर असेल तीच टोपी.

आर्डिथची टोपी बियाण्यांच्या दुकानात फुकट मिळालेली, हिरवी. ती म्हणायची, "हिला भोकं पडल्याशिवाय मी दुसरी टोपी घालणार नाही." एका शरद ऋतूत आम्ही शंभराच्या अगदी दाराशी पोचलो. शेवटची थाळी उजवीकडे जोरात सुटली. तिने घाई केली. थाळी साबूत गवतात जाऊन पडली. आर्डिथनेच टोपी काढून उंच धरली आणि ओरडली, "वाचली बिचारी!" लोक हसले. पण परतताना गाडीत ती मला मांडीवर घेऊन बसली आणि घरापर्यंत माझ्यावरच्या कुत्र्याचा कान बोटाने चोळत राहिली.

त्याच हिवाळ्यात ती आजारी पडली. वसंतात तिला मला उचलता येईना. शेवटी शेवटी तिने व्हर्लिनला मला पलंगापाशी आणायला लावले. माझ्यावरच्या कुत्र्याचा कान तिने बोटाने चाचपला.

"टोपी तशीच राहिली बघ," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी वर्षभर अंधारात होते. पेनसिल्व्हेनियाहून एक बंदुका जमवणारा गृहस्थ आला. त्याने मला उलटसुलट पाहिले.

"एवढा दस्ता नवा लांब करून घेतलात, तर हिला तोड नाही. मला द्या, मी करून घेतो."

"दस्ता बरोबर आहे," व्हर्लिन म्हणाला. "माझेच हात लांब आहेत."

गृहस्थ रिकाम्या हाताने गेला. व्हर्लिनने मात्र कपाट बंद केले नाही. त्याने मला पुसले, तेल दिले. मग माझ्या नळीवरची हिरवी टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर घातली. ती त्याच्या डोक्याला लहान पडत होती. मागचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवावा लागला.

क्लबात त्याला मला घेऊन येताना पाहून क्लीट खुर्चीतून उठला. क्लीट म्हणजे व्हर्लिनचा शाळेपासूनचा मित्र, जिभेने तिखट.

"ती बंदूक तुझ्या मापाची नाही, म्हाताऱ्या."

"माहीत आहे."

"आणि टोपीही नाही."

"तेही माहीत आहे. हिला भोकं पाडून घ्यायचीत. डोक्यावर असेल ती टोपी, हो ना?"

क्लीटला कळायला क्षणभर लागला. तो म्हणाला, "मग शंभर फोडावे लागतील. तू जन्मात फोडले नाहीस."

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. आखूड दस्त्यामुळे प्रत्येक बाराला व्हर्लिनचा अंगठा त्याच्याच नाकावर आदळायचा. थाळ्या सुटत होत्या आणि नाक सुजत होते. क्लीट म्हणायचा, "ढगांना मारतोयस की नाकाला, एकदा ठरव." तरी व्हर्लिनने लाकडाला हात लावू दिला नाही. अखेर क्लीटनेच चामड्याचा एक बूट शिवून आणला. तो दस्त्याच्या टोकावर चढवायचा आणि नाडीने आवळायचा. काढला की दस्ता पुन्हा आर्डिथच्या मापाचा. त्या दिवसापासून व्हर्लिनचे नाक वाचले आणि थाळ्या फुटू लागल्या. उन्हाळाभर तो रोज संध्याकाळी मैदानावर यायचा. त्याचा श्वास मला ओळखीचा झाला. तो मनात "सावकाश" म्हणायचा. चाप ओढण्याआधी त्याचे ओठ माझ्या लाकडाला लागत, म्हणून मला कळायचे.

मग क्लबच्या वार्षिक स्पर्धेचा दिवस आला. सोयाबीन कापून झाले होते, आभाळ स्वच्छ होते, वारा नव्हता. पहिली पंचवीस थाळ्यांची फेरी साफ गेली. दुसरीही गेली. तिसरी संपली तेव्हा आमच्या ओळीत कुणी बोलेना. शंभराकडे चाललेल्या माणसाशी कुणी बोलत नाही, हीसुद्धा रीतच. एरवी तोंड बंद न ठेवणारा क्लीट बुटांकडे बघत उभा होता.

चौथ्या फेरीत एक थाळी डावीकडे खाली घसरत गेली. मी झाडले. थाळी तशीच पुढे गेली असे सगळ्यांना वाटले. व्हर्लिनचे खांदे पडले. पण मला ठाऊक होते, माझा एक छर्रा तिच्या काठाला लागला होता. मला बोलता येत असते तर मी किंचाळले असते.

"फुटली!" मागून गुण मोजणारी मेरीलू ओरडली.

"नक्की?" कुणीतरी विचारले.

"तुकडा उडालेला पाहिला मी. नवा चष्मा आहे माझा, आणि लाडाने गुण मी माझ्या नवऱ्यालाही देत नाही!"

नियमाने एक तुकडा दिसला तरी थाळी फुटली. खेळ पुढे चालला.

शेवटची थाळी उरली. व्हर्लिनने काडतूस घातले, मला मिटले, खांद्याला लावले. त्याचे ओठ लाकडाला लागले. "सोड!" थाळी उजवीकडे सुटली. तीच वाट, ज्या वाटेने आर्डिथची थाळी गेली होती. त्याने घाई केली नाही. माझी माशी थाळीला गाठून किंचित पुढे गेली, आणि चाप ओढला गेला. नारिंगी थाळीचा काळा धूर झाला. तुकडासुद्धा उरला नाही.

मित्रांनो, चांदीच्या पेल्यांच्या वेळीही मी असा आरडाओरडा ऐकला नव्हता. लोकांनी गाड्यांचे भोंगे वाजवले. क्लीटने व्हर्लिनला मिठी मारली, आणि मग एकदम बाजूला होऊन म्हणाला, "थांब. गाडीतून तुझी दुसरी टोपी आणतो मी."

"डोक्यावर ही आहे."

"अरे, तिची आहे ती. तिचं आता एवढंच तर..." क्लीटने मान हलवली. "मला नाही जमायचं त्यावर झाडायला."

"क्लीट, तुझी टोपी कोणी फाडली होती?"

"आर्डिथनं. आणि वर म्हणाली, हिला आधीच उंदरांनी खाल्लं होतं."

"मग फेड की."

व्हर्लिनने टोपी काढून दिली. मेरीलूने ती मैदानाकडे तोंड करून जमेल तितकी उंच उडवली. चार बंदुका एकदम कडाडल्या. हिरवी टोपी हवेत दोनदा उसळली, वरचे बटण कुठेतरी उडून गेले, आणि ती कापलेल्या सोयाबीनमध्ये पडली. व्हर्लिन चालत गेला. उचलून त्याने ती आभाळाकडे धरली. भोकांतून ऊन त्याच्या तोंडावर पडले. मग तो हसला. काळा कोट घालून त्याने कपाट उघडले त्या दिवसापासून मी त्याचे हसू ऐकले नव्हते.

"काय चाळण झाली आहे!" तो ओरडला. "आर्डिथ, काय चाळण झाली आहे!"

त्या दुपारी त्याने कोंबडीचा मऊ किस भरलेले दोन पाव आणि भोपळ्याच्या गोड पाईचा तुकडा खाल्ला. मला त्याने उघडून, रिकामी करून, शेजारच्या खुर्चीवर नीट ठेवले होते.

आज मी पुन्हा कपाटात आहे, पण रविवारी कुलूप उघडते. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. तिला पुसा, तेल द्या, आणि तिच्याकडून तिचे काम करून घ्या. कोठारात गंज चढतो, आणि नुसते कौतुकाने कपाटात ठेवले तरी अंधार तेवढाच असतो. माझ्यासारखीला मात्र मोठ्या माणसांवाचून कधीही हात लावू नका. भरलेली असो वा रिकामी, भरलेलीच समजा.

टोपी क्लबच्या तुळईला टांगली आहे. खाली पितळी पट्टीही ठोकली आहे. शंभर व्हर्लिनने फोडले, टोपी आर्डिथची. क्लीट दर रविवारी विचारतो, "नाव कोणाचं कोरायचं?" आणि व्हर्लिन म्हणतो, "सांगतो."

पट्टीवर नाव कोरायचे अजून राहिले आहे.