नवरा वर ओढता आला पाहिजे

बोट घ्यायला माझी ना नव्हती. अट मात्र एकच: नवरा पाण्यात पडला, तर मला एकटीला त्याला वर ओढता आलं पाहिजे. गाद्या, चूल, शिडांचा रंग वगैरे जिल्दासनं, म्हणजे नवऱ्यानं, खुशाल बघावं.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या किनाऱ्यासमोरच्या ब्रेहा बेटाच्या पलीकडे हा आमच्या जुन्या बोटीवरून पडला. मी शिडं उतरवली, बोट वळवून त्याच्यापाशी आणली, दोर टाकला, त्यानं तो धरलाही. पण हा धिप्पाड गडी मला वीतभरसुद्धा वर घेता येईना. मी बोंबलत होते आणि तो माझ्या डोळ्यांदेखत निळा पडत होता. खेकडेवाल्यांची एक होडी देवासारखी धावून आली, नाहीतर आज मी विधवेचे काळे कपडे घालून बसले असते. ती बोट मी लगेच विकायला लावली. पण समुद्राशिवाय याला कुठलं करमतंय! हिवाळाभर खिडकीशी बसून नुसते उसासे. शेवटी मीच म्हटलं, बघ बाबा दुसरी, पण माझ्या अटीवर.

तर मे महिन्यात तांगीनं आम्हाला पँपोल बंदरात बोलावलं. तांगी म्हणजे जिल्दासचा शाळेतला दोस्त, जुन्या बोटींचा दलाल. त्याच्याकडे दोन बोटी होत्या. 'स्तेरेन' बाहेरच्या धक्क्याला लागलेली, गडद निळी, आत सगळं सागवानी, पितळ लखलखीत. 'मारी-झो' आतल्या गोदीत, जिथं दरवाजा लावून पाणी अडवतात. ती बिनरंगी ॲल्युमिनियमची, दिसायला नुसती पाण्याची टाकी.

"हिच्यात मी मरेपर्यंत बसायचं?" जिल्दासनं नाक मुरडलं.

"मरू नयेस म्हणूनच तर बघतोय," मी म्हटलं.

तांगी हसत होता. "लोक तळाला हातोडी मारून बघतात, इंजिनाला कान लावतात. नवरा बुडवून बोट बघणारी तूच पहिली, रोझेन."

"बुडवायची हौस आहे रे, पण हा आपणहून उतरतोय."

आधी 'स्तेरेन'. जिल्दास रबरी पोशाख, रबरी बूट आणि तरंगायचं जॅकेट घालून पाण्यात उतरला. मी त्याला बजावलं, "मेल्यासारखा लोंबकळ. जरा जरी मदत केलीस तर याद राख." शिड चढवायचा दोर त्याच्या जॅकेटच्या कडीला अडकवला आणि तो दोर गुंडाळायची चरखी फिरवायला लागले. काय सांगू, चार-पाच फेऱ्यांत हा कठड्यावर पालथा! मला तर विश्वासच बसेना. मी टाळ्या पिटल्या, तांगीचा गालगुच्चा घेतला. "हीच घेऊ या, हीच," म्हणत मी नाचायचीच बाकी होते.

तेवढ्यात डेकवर लक्ष गेलं. सागवानी फळ्यांवर करड्या चिखलाचे पाय उमटले होते.

मी धक्क्याच्या भिंतीकडे बघितलं. शेवाळ लोंबत होतं. ओहोटी निम्म्यावर आली होती, आणि ओहोटीला बाहेरचा धक्का पार कोरडा पडतो. मी इथलीच बाई, भरती-ओहोटीची वेळ बघून कपडे वाळत घालणारी, आणि आजच नेमकी विसरले!

"जिल्दास, तुझे पाय टेकत होते?"

"जरासे."

"जरासे? ढुंगण वर करून उडी मारलीस की रे! आणि भर समुद्रात तुझ्यासाठी चिखल कोण आणून ठेवणार आहे? तुझा बाप?"

"तुझी भीती एकदाची जावी म्हणून केलं गं."

"म्हणून मला फसवलंस? आणि परत पडला असतास म्हणजे?"

तांगीला एकदम कॉफीची आठवण झाली आणि तो सटकला. मी तडक आतल्या गोदीकडे चालायला लागले. मागून बूट पचपचत हा.

'मारी-झो'पाशी पाणी दोन पुरुष खोल होतं. मी बांबू घालून खात्री करून घेतली, आता काय भरवसा! तिची मागची बाजू पायरीसारखी पाण्यापर्यंत उतरलेली होती. या वेळी जिल्दास खरंच मेल्यासारखा लोंबकळला, नाकातोंडात पाणी गेलं तरी हलला नाही. चरखी जड लागत होती, दंडाला गोळे आले, पण ती फिरत होती. ओली गोणी सरकत यावी तसा तो पायरीवर आला आणि आडवा झाला.

"परत उतर," मी म्हटलं. तो परत उतरला, मी परत काढला. मग मात्र मी तिथंच फतकल मारून बसले आणि भोकाड पसरलं. ऑगस्टपासून छातीवर बसलेला दगड उतरला होता. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

जिल्दास हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं जॅकेट काढून माझ्यापुढे धरलं.

"आता तू उतर."

"मी कशाला? मी कधी पडलेय?"

"त्या दिवसापासून माझा उजवा खांदा वर जात नाही," तो म्हणाला. "तुला बोललो नाही. मला रोज स्वप्न पडतं, रोझेन. त्यात पाण्यात तू असतेस."

हिवाळाभर खिडकीशी बसून हा समुद्रासाठी झुरतोय असंच मी धरून चालले होते.

मी बूट काढले, जॅकेट घातलं आणि कपड्यांनिशी उतरले. पाणी इतकं गार की तोंडून शिवीच निघाली. मग अंग सैल सोडलं. वर चरखी कुरकुरत होती, थांबत होती, पुन्हा कुरकुरत होती. तो डाव्या हातानं फिरवत होता. पाठीला पायरी लागली आणि त्यानं मला ओढून कवेत घेतलं, ते सोडेचना. त्याचे दात वाजत होते आणि तो हुंदके देत होता.

"मग कुठली?" कॉफी पिऊन परतलेला तांगी गोदीच्या कडेवरून ओरडला. मिठी न सोडता मी 'मारी-झो'च्या ॲल्युमिनियमवर दोनदा थाप मारली.